पिल्लाच्या पहिल्या पंधरा रात्री

चिंगी आमच्या घरी आली ती जुलैतल्या एका भिजक्या संध्याकाळी, मुंबईहून आलेल्या दिराच्या गाडीतून. कुत्र्याचं पिल्लू, पांढरी पॉमेरियन, वजन जेमतेम सव्वा किलो. घरातल्या मोठ्यांनी रीतीप्रमाणे सांगितलं, ‘रडांदे तेका, दोन दिसांनी आपोआप गप ऱ्हवात.’ तिला पडवीत गोणपाटावर ठेवलं आणि मधलं दार लावून घेतलं. ती रात्रभर रडली. दुसऱ्या रात्रीही रडली. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला आवाज थांबला आणि आम्हाला वाटलं, लागली सवय. सकाळी दार उघडलं तर ती फटीला नाक लावून तशीच बसलेली होती. दार खरवडून पुढच्या पायांची नखं रक्ताळली होती, घसा पार बसला होता. चिंगी पुढे अकरा वर्षं जगली, पण पडवीचं दार लागलं की थरथरायची, ती शेवटपर्यंत.

पिल्लू गप्प होणं वेगळं आणि शांत झोपणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. नंतर बुटकी आली, आमची डॅशुंड. तिच्या वेळी मी सगळंच उलट केलं आणि बाराव्या रात्री ती फक्त एकदा उठली, अडीच वाजता. बाहेर जाऊन आली आणि न रडता परत झोपली. त्यानंतर वाडीतल्या तीन-चार घरांत नवी पिल्लं आली, तिथेही हीच पद्धत सांगितली आणि ती लागू पडली. मालवणपासून दापोलीपर्यंत आपल्या किनाऱ्यावरची घरं, पाऊस आणि रात्री साधारण सारख्याच, म्हणून सगळं नीट लिहून ठेवते आहे.

ते का रडतं

माझ्या सासूबाईंनी बुटकीच्या पहिल्या रात्री एका वाक्यात सांगितलं होतं, ‘तेका आवशीची याद येता गो, आणि काय!’ कारण तेवढंच आहे. जन्मल्यापासून पिल्लू कधीही एकटं झोपलेलं नसतं. आईच्या पोटाशी, चार भावंडांच्या ढिगात, एकमेकांच्या उबेत ते झोपतं. त्यातून लहान जातीचं अंग एवढंसं, ते लवकर थंड पडतं. आईपासून लांब पडलेल्या पिल्लाने ओरडून आईला बोलावायचं, हे त्याच्या रक्तातच असतं. तो हट्ट नसतो. दोन महिन्यांच्या जिवाला माणसाला नाचवायची अक्कल अजून आलेली नसते, त्यामुळे ‘आत्ता जवळ घेतलं तर डोक्यावर बसेल’ ही भीती पहिल्या आठवड्यात तरी मनातून काढून टाका.

आणण्याआधी

आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय पिल्लू आणू नका. कुत्र्यांची पैदास आणि विक्री याबद्दलच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांतही आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे, तरी ‘दीड महिन्याचं झालंय, घेऊन जा’ असं सर्रास सांगितलं जातं. या शेवटच्या दोन आठवड्यांत पिल्लू भावंडांशी मस्ती करत चावण्याचा जोर आवरायला शिकतं आणि आई उठून गेली तरी थोडा वेळ थांबायला शिकतं. चिवावा किंवा अगदी बारक्या चणीची पॉमेरियन असेल तर मी दहा आठवड्यांपर्यंतही थांबेन.

आपल्याकडे पिल्लू आणायला उत्तम काळ म्हणजे दिवाळी उरकल्यापासून शिमग्याच्या आधीपर्यंतचा. जमीन कोरडी, रात्री थंड, वीज फारशी जात नाही. गणपतीत मात्र आणूच नका. घरात पंधरा-वीस माणसं, रात्री भजनं, फुगड्या, फटाके, दिवसभर ये-जा, त्यात पिल्लाला झोप कुठून मिळणार? चाकरमानी मुलांच्या हौसेसाठी पिल्लू घेऊन येतात आणि विसर्जन झालं की परत जातात. मागे राहतात आजी-आजोबा आणि नुकतीच त्या मुलांच्या अंगाशी झोपायची सवय लागलेलं पिल्लू. त्या पिल्लाचं रडणं मी ऐकलेलं आहे.

आणायला जाताना जुन्या सुती साडीचा हातभर तुकडा न्या. तो आईच्या पोटाखाली आणि भावंडांच्या अंगावर चांगला घासून घ्या, पिशवीत बांधून आणा आणि पहिले दहा-बारा दिवस धुवू नका. या तुकड्याइतका उपयोग मला दुसऱ्या कशाचा झालेला नाही. टिकटिक आईच्या काळजाच्या ठोक्यांसारखी वाटावी म्हणून घड्याळ फडक्यात गुंडाळून ठेवायचा उपाय बरेच जण सांगतात. मी केला, पण बुटकीने त्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

पिल्लू शक्यतो सकाळी घरी येईल असं बघा, म्हणजे रात्र व्हायच्या आत त्याला माणसं, वास, कोपरे ओळखीचे होतात. आणि रात्री फोन उचलणारे कुत्र्यांचे डॉक्टर कोण, हे आधी विचारून ठेवा. गुरांचा दवाखाना गावाजवळ असतो, पण लहान कुत्र्याला सलाईन लावणारी जागा तासाभराच्या वाटेवर निघते.

झोपायची जागा

पहिल्या आठवड्यात पिल्लाची जागा तुमच्याच खोलीत, तुमचा हात पोचेल एवढ्या अंतरावर हवी. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत खाली गादी घालून झोपतात, त्यांचं काम सोपं आहे. खाटेवर झोपत असाल तर पहिले सात-आठ दिवस खाली अंथरूण घाला. पिल्लाला खाटेवर घेऊन झोपू नका. एवढासा जीव अंगाखाली येऊ शकतो, आणि डॅशुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याने उंचावरून उड्या मारणं मणक्याला वाईट.

आंब्याची लाकडी पेटी या कामाला फार चांगली. एक बाजू काढा, खिळे ठोकून आत बसवा आणि आतून हात फिरवून एकही कूस लागत नाही ना ते बघा. पिल्लू त्यात उभं राहील, गोल फिरेल आणि पाय पसरून निजेल एवढी जागा पुरे. फार मोठी केली तर ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात शू करतं. तळाला गोणपाट, वर दुमडलेली गोधडी, त्यावर आईच्या वासाचं फडकं. आढीतलं उरलेलं गवत मऊ म्हणून घालतात, ते घालू नका. त्यातून पिसवा आणि गोचीड येतात, शिवाय पिल्लू गवत चावून गिळतं. नारळाचं सोडण चघळायलाही देऊ नका. त्याचे तंतू दातांत अडकतात, पोटात गेले तर आतडं तुंबू शकतं.

जाळीचा पिंजरा असेल तर तोही चालेल, फक्त पहिल्या रात्री त्यात ढकलून दार लावायचं नाही. दिवसा दार उघडं ठेवून आत जेवण द्या, आत खाऊ टाका. ते आपणहून आत जाऊन झोपायला लागलं की मग दार ओढून घ्यायचं. आधी दोन मिनिटं, मग पाच.

पेटी आपल्याच मच्छरदाणीत घ्या. बंद खोलीत डासांची कॉइल लावू नका, जमिनीलगत झोपणाऱ्या पिल्लाच्या छातीत तो धूर आपल्याआधी जातो. मच्छरदाणी गादीखाली घट्ट खोचलेली असली की रात्री घरात फिरणाऱ्या मण्यारीपासूनही राखण होते.

उबेचं म्हणाल तर ऋतू बघा. डिसेंबर-जानेवारीत किंवा धो धो पावसात बाटलीत कोमट पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून पेटीच्या एका कडेला ठेवा, म्हणजे नको असेल तेव्हा पिल्लाला लांब सरकता येतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात हे अजिबात करू नका. पग आणि शित्झू यांची नाकं चपटी, दमट हवेत त्यांना धाप लागते. त्यांना नुसती गार लादी आणि अंगावर थेट न येणारा पंखा आवडतो. पंख्याच्या एकसुरी आवाजाने बाहेरची भुंकाभुंकीही बुजते.

दिवसा काय करायचं

रात्रीची झोप पुष्कळदा दिवसा बिघडते. या वयाचं पिल्लू चोवीस तासांत अठरा ते वीस तास झोपतं. आपण मात्र ‘दिवसा दमवलं की रात्री झोपेल’ म्हणून त्याला सारखं उठवतो, पोरं येतात, शेजारी बघायला येतात, आणि दिवेलागणीला ते अंगात आल्यासारखं धावायला, चावायला लागतं. ती मस्ती नसते, झोप अनावर झालेली असते. दीड वर्षाच्या मुलाचं संध्याकाळी जे होतं तेच. साधारण तासभर जागं, मग दीड-दोन तास झोप, असा दिवसभर मेळ ठेवा. झोपेच्या वेळी पेटीपाशी आणून निजवा आणि घरात सांगून ठेवा, पेटीतल्या पिल्लाला कोणी हात लावायचा नाही. संध्याकाळची झोप साडेसातच्या आत उरकू द्या, म्हणजे साडेदहापर्यंत परत झोप येते.

जेवण चार वेळा: सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, आणि रात्री साडेनऊला थोडंसं. मोठ्या जातीच्या पिल्लाला रात्रीचं लवकर देऊन सकाळपर्यंत उपाशी ठेवलं तर चालून जातं, बारक्याला नाही. त्याच्या रक्तातली साखर पटकन उतरते, त्याबद्दल पुढे लिहिते. जिथून आणलं तिथे जे खात होतं तेच पहिले आठ-दहा दिवस द्या, आणि मग हळूहळू बदला. गाईचं दूध वाटीभर पाजलं की बहुतेक पिल्लांना जुलाब होतात आणि मग सगळी रात्र अंगणात जाते. उकड्या तांदळाची पेज मीठ न घालता, काटे नीट काढून उकडलेल्या माशासोबत चालते. सुकट, सुका बोंबील देऊ नका, त्यात मीठ फार. पिल्लू रात्रभर पाणी पितं आणि रात्रभर मुततं. पाणी मात्र तोडायचं नाही. साडेआठनंतर वाटी भरून ठेवण्याऐवजी थोडं थोडं द्या. आपल्या दमट हवेत तहानलेलं पिल्लूही रडतंच.

दिवसा एकटं राहण्याची शिकवणी रोज पाच-सहा वेळा. पिल्लू चघळण्यात गुंतलं की खोलीबाहेर जा, दार लोटा, दहापर्यंत मोजा, परत या. येताना ‘अगो माझी बाय!’ असा सोहळा नको. गेल्यासारखं जा, आल्यासारखं या. चार-पाच दिवसांत अर्धं मिनिट, मग दोन मिनिटं, मग पाच. ते रडायला लागायच्या आधी तुम्ही परत आलं पाहिजे. रडल्यावर आलात तर पुढच्या वेळी वेळ कमी करा. रात्रीचं अंथरूण पुढे लांब नेता येईल की नाही, ते या शिकवणीवर ठरतं.

पहिली रात्र

साडेनऊला शेवटचं खाणं. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत शू-शी साठी ठरलेल्या जागी न्या. दहा वाजता दिवे मंद करा, टीव्ही बंद. अंगावरून सावकाश हात फिरवा, खेळ नको. साडेदहाला परत एकदा बाहेर न्या आणि मग पेटीत ठेवा. स्वतःही लगेच आडवे व्हा. तुम्ही घरात वावरत राहिलात तर ते झोपणार नाही.

दिवा घालवल्यावर कुईकुई सुरू होईल. हात खाली सोडा, पेटीत ठेवा. पिल्लाला उचलायचं नाही, बोलायचं नाही, नुसता हात. बुटकीने पहिल्या रात्री माझी करंगळी तोंडात धरली, दुधाच्या दातांनी दोन-तीनदा दाबली, मग हनुवटी माझ्या तळव्यावर टेकवली. तिचा श्वास आधी भराभर चालला होता. तो हळूहळू लांबत गेला, मागच्या पायाला एक झटका आला आणि अंग सैल पडलं. याला वीस मिनिटं लागली. दुसऱ्या रात्री बारा-पंधरा लागली असतील. हात अवघडतो, पण काढायची घाई करू नका.

दोन महिन्यांचं पिल्लू साधारण तीन तास दम धरतं, तीन महिन्यांचं चार. लहान जातींची मूत्रपिशवीच छोटी, त्यांचा अर्धा-पाऊण तास कमीच धरा. म्हणून गजर लावा: पहिला एकला, दुसरा साडेतीनला. ते उठून रडायच्या आधी तुम्ही त्याला उठवायचं, हे महत्त्वाचं आहे. रडलं की बाहेर नेतात असं शिकण्याऐवजी, माझी वेळ झाली की नेतात, असं ते शिकतं. आठवडाभराने ओळीने तीन रात्री पेटी कोरडी राहिली की गजर पंधरा मिनिटं पुढे ढकला. असं करत करत चार-साडेचार महिन्यांत पुष्कळशी पिल्लं अकरा ते पाच झोपतात. काही जास्त वेळ घेतात, त्यात त्यांचा दोष नसतो.

कोणतं रडणं कशाचं

हे कान देऊन शिका, चार दिवसांत कळायला लागतं. निजतानाचं रडणं बारीक, चढ-उतार असलेलं, मध्ये मध्ये थांबून ‘कोणी ऐकतंय का’ असा अंदाज घेणारं असतं. त्याला हात पुरतो. गाढ झोपेतून अचानक उठून केलेली खुडबुड, पेटीच्या कडेला ओरखडे, हुंगत गोल फिरणं, हे शू-शीचं. अशा वेळी क्षणभरही थांबू नका, उचला आणि चला. बाहेर जाऊन आल्यावर परत रडलं तर ते पहिल्या प्रकारात आलं.

तिसरं म्हणजे एकदम किंचाळल्यासारखं. ते ऐकलं की दिवा लावा. सहाव्या रात्री बुटकी अशी ओरडली तेव्हा मी बॅटरी घेऊन गोधडी उचलली. खाली बिस्किटाचा तुकडा पडला होता, त्याला लाल मुंग्यांची रांग लागली होती आणि पाच-सहा मुंग्या तिच्या काखेतल्या उघड्या कातडीला चिकटल्या होत्या. एकेक चिमटीने काढल्या, कोमट पाण्याने पुसलं, अंथरूण बदललं, ती झोपली. त्या दिवसापासून पेटीत खाणं बंद केलं आणि खाण्याची वाटी पाणी घातलेल्या परातीत ठेवायला लागले. मुंग्यांच्या विषारी खडूची रेघ पिल्लाच्या आसपास ओढू नका, ते चाटतं. रोज रात्री निजवण्याआधी कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, मानेखाली बोटं फिरवून गोचीड बघा. खाजेने झोप मोडणारी पिल्लं आपल्याकडे पुष्कळ. औषध मात्र वय आणि वजन सांगून डॉक्टरांकडूनच घ्या, मोठ्या कुत्र्याचं उरलेलं औषध टोचू-चोळू नका. पोट फुगलेलं असेल आणि रात्री कळवळत असेल तर जंताचं औषध कधी झालं ते आठवा. या वयात ते दर पंधरा दिवसांनी लागतं.

रात्री बाहेर नेताना

बिबट्याला आपल्याकडे वाघच म्हणतात, आणि तो वाडीत येतो तो कुत्र्यांसाठी. म्हणून पिल्लू रात्री पडवीत, खळ्यात, अंगणात बांधून ठेवणं हा विषयच मनातून काढा, मग ते एक महिन्याने असो की दहा वर्षांनी. बाहेर नेताना आधी अंगणातला दिवा लावा, पायात बूट घाला, हातात बॅटरी घ्या, काठी आपटत जा. फुरसं एवढंसं असतं आणि पातेऱ्यात दिसत नाही. चिऱ्यांच्या फटीत, लाकडाच्या राशीपाशी, नारळाच्या सोडणांच्या ढिगाजवळ पिल्लाला जाऊ देऊ नका. पट्टा लावलेलाच असू दे, मानेला नाही, छातीला.

दाराजवळची एकच जागा ठरवा, झाडून मोकळी ठेवा. तिथे खाली सोडा, एकच शब्द म्हणा, आम्ही ‘शू कर’ म्हणतो, आणि गप्प उभे राहा. पाच मिनिटं. झाली की हळू आवाजात ‘शाब्बास’, आणि थेट आत. चांदणं सुंदर पडलेलं असलं तरी फिरवायचं नाही, नाहीतर रात्री एक वाजता खेळायची सवय लागते. लशी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांपर्यंत, आपल्या कुंपणाबाहेर पाय टेकू देऊ नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचे विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतात.

पावसाळ्यात सव्वा-दीड किलोचं पिल्लू जून-जुलैच्या सरीत बाहेर उभंच राहत नाही. त्यासाठी पडवीच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या पसरट क्रेटात चार बोटं तांबडी माती आणि वर गवताचं ढेपूळ ठेवा. ते रोज थोडं बदलायचं. वर्तमानपत्रावर शिकवण्यापेक्षा हे बरं, कारण पायाला मातीच लागते आणि पाऊस सरल्यावर अंगणात न्यायला अडचण येत नाही. कागदावर शिकलेलं पिल्लू घरातल्या प्रत्येक कागदावर बसतं. पावसात बेडूक-भेंडक्याही फार. भेंडकी तोंडात धरली तर पिल्लाच्या तोंडाला फेस येतो, तेव्हा ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसून काढा आणि फेस थांबेना तर डॉक्टरांना फोन करा.

घरात चूक झाली तर ओरडू नका, नाक त्यात घासू नका. नुसतं पुसा. फिनेलने नको, पिल्लू पाय चाटतं आणि ते विष त्याच्या पोटात जातं. पाण्यात व्हिनेगर घालून पुसलं की वास जातो. सारवलेल्या जमिनीत मूत मुरतं, तिथला पोपडा खरवडून परत सारवावं लागतं, नाहीतर ते पुन्हा तिथेच जातं.

अंथरूण लांब नेणं

आठव्या-नवव्या रात्रीपासून, म्हणजे ते हात न लागता झोपायला लागलं की, पेटी हातभर सरकवा. दोन रात्री तिथे. मग आणखी हातभर. मग दाराशी, मग दाराबाहेर माजघरात, दार उघडं ठेवून. पुढे दार अर्धं लोटून. कुठेही रडणं वाढलं तर एक पाऊल मागे या आणि तीन रात्री थांबा. आम्हाला आमच्या खाटेपासून माजघरातल्या कपाटापर्यंत पोचायला पाच आठवडे लागले. कोणाला पिल्लू कायम आपल्याच खोलीत ठेवायचं असेल तर तेही योग्यच आहे, मग हा खटाटोप नको. फक्त घरातल्यांचं एकमत हवं. एक जण खोलीत घेतो आणि दुसरा हाकलतो, अशा घरातलं पिल्लू महिनोन् महिने रडतं.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर पिल्लू आणायच्या आधी वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना सांगून या. दहा-पंधरा दिवस थोडा त्रास होईल, म्हणावं. आधी सांगितलेलं माणूस सहन करतं.

थांबायचं नाही अशा वेळा

पॉमेरियन, चिवावा, यॉर्की असल्या बारक्या पिल्लांत साखर उतरणं हा खरा धोका. रात्री उठवलं तर मान टाकतं, पाय लटपटतात, अंग थंड, थरथर, डोळे शून्यात. ‘किती शांत झोपलंय’ असं वाटून लोक फसतात. मधाचं बोट हिरड्यांवर आणि जिभेखाली चोळा, मध नसेल तर साखरेचं घट्ट पाणी. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका, ठसका लागून छातीत जातं. उबेत गुंडाळा आणि तशाच रात्री डॉक्टरांकडे निघा. मधाने दहा मिनिटांत तरतरीत झालं तरी दाखवायचंच.

सारख्या उलट्या, रक्ताची शी, दोन वेळचं खाणं नाकारणं, या कशातही सकाळची वाट पाहू नका. अंग गरम लागलं म्हणून मात्र घाबरू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. थर्मामीटर लावून बघा.

गडगडाट, गणपती, शिमगा

झोप नीट बसल्यावरही दोन-तीनदा मोडते, तेव्हा धीर सोडू नका. साडेतीन-चार महिन्यांपासून दात पडून नवे येतात, हिरड्या सळसळतात. सुती फडकं भिजवून, पीळ देऊन, फ्रीजरमध्ये कडक केलेलं निजायच्या आधी चघळायला द्या. मेअखेरच्या वळवात आणि हस्ताच्या पावसात गडगडाट फार असतो. भर आषाढात पाऊस जोराचा असला तरी वीज तितकी कडाडत नाही. गडगडाटाला पिल्लू जवळ आलं तर जवळ घ्या. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. त्यातच वीज गेली की पंख्याचा आवाज थांबतो आणि कौलांवर पडणारी झावळी, दूरचे कोल्हे, सगळं एकदम ऐकू येतं. बॅटरीवर चालणारा छोटा पंखा किंवा बारीक आवाजातला रेडिओ त्यासाठी हाताशी ठेवा.

गणपतीत आणि शिमग्यात पिल्लाची पेटी घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत न्या. हे आदल्या दिवशी नको, चार-पाच दिवस आधी, म्हणजे जागा ओळखीची होते. पालखी दाराशी यायच्या वेळी एक माणूस दार लावून पिल्लाजवळ बसू दे. आमच्याकडे हे काम सासूबाई करायच्या. बाहेर ढोल वाजत असताना त्या बुटकीच्या पेटीशेजारी पाय पसरून बसायच्या, एक हात आत. पाहुणे गेले की पेटी लगेच तिच्या जागी ठेवायची नाही. आधी दोन रात्री खाटेजवळ, आणि तिथून पुन्हा हातभर हातभर लांब.